मोहिते दि. बा.

"खांबेटे सर, हे काय मांडलंय? कुणाची मुंज आहे का?"

फडतरे बाई स्टाफरूमच्या दारात उभ्या होत्या. त्या भूगोल शिकवायच्या. आवाज असा, की त्यांचा तास चालू असला की शेजारच्या दोन वर्गांनाही भूगोल येई. मी टेबलावरची पोस्टकार्डं हातानं झाकायला गेलो आणि दौत लवंडता लवंडता वाचली.

"माजी विद्यार्थ्यांना पत्रं लिहितोय," मी म्हणालो.

"हातानं? अहो, छापील निमंत्रणं असतात त्याची."

"छापील निमंत्रणांवर गेल्या वर्षी कोण आलं होतं?"

गेल्या वर्षीच्या मेळाव्यात माणसांपेक्षा हार जास्त होते. उरलेला एक हार शेवटी प्राचार्यांनी माइकवाल्याच्या गळ्यात घातला होता, आणि त्यानंही दोन शब्द बोलून घेतले होते.

त्या मेळाव्यानंतर प्राचार्य घाटग्यांनी मला बोलावून घेतलं होतं. माजी विद्यार्थी संघाचा कार्यवाह मी होतो. कार्यवाह होण्यासाठी माझ्या अंगी काही गुण होते असं नाही. ज्या बैठकीत ते पद वाटलं गेलं, तिथं नाही म्हणायला मला जमलं नाही, इतकंच. "खांबेटे," प्राचार्य म्हणाले होते, "पुढच्या वर्षीही खुर्च्याच बघायच्या असतील तर हा संघ गुंडाळून टाकू. पोरांना कॉलेजची ओढ नाही, तर आपण कशाला सोंग करा?"

त्यात संतापण्यासारखं काही नव्हतं. पण मला निवृत्त व्हायला थोडाच काळ उरला होता. इतकी वर्षं शिकवून एकाही माणसाला या इमारतीत परत पाऊल टाकावंसं वाटत नसेल, तर आपण इथं नेमकं काय केलं? मी तर्कशास्त्राचा मास्तर. हा प्रश्न सोडवायला बसलो की उत्तर दर वेळी एकच येई, आणि ते मला झोपू देत नसे.

म्हणून मी ठरवलं, सगळ्यांना बोलवायच्या भानगडीत पडायचं नाही. मी नोकरीला लागलो त्या वर्षीचा माझा पहिला वर्ग, तेवढ्याच मुलांना लिहायचं. आणि 'आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे' असलं काही लिहायचं नाही. प्रत्येकाला त्याची एक आठवण लिहायची. एकाला लिहिलं, की तुमच्या डब्यातल्या ठेच्याच्या वासानं माझं अनुमान अर्ध्यावर राहिलं होतं. एका बाईंना लिहिलं, की तुम्ही विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

फडतरे बाईंनी गठ्ठ्यातलं वरचंच कार्ड उचललं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"श्री. दि. बा. मोहिते यांस. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या तासाला वर्ग बाकं बडवत होता. माझ्या तोंडून शब्द धड फुटेना. तेव्हा तुम्ही शेवटच्या बाकावरून उठून म्हणालात, 'सर, मागं ऐकू येतंय. चालू द्या.' वर्ग शांत झाला. तुम्ही ते बोलला नसता तर मी दुसऱ्या दिवशी नोकरी सोडून गेलो असतो. दिवाळीनंतरच्या रविवारी आलात तर..."

वाचता वाचता बाईंचा आवाज उतरत गेला. शेवटचं वाक्य त्यांनी मनातच वाचलं.

"सर, हे खरं?"

"आदल्या रात्रीच राजीनामा लिहून खिशात ठेवला होता."

"आणि हा मोहिते आता असतो कुठं?"

"ऑफिसात विचारलं. स्टँडच्या मागं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे म्हणाले, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देतात. त्यांची मुलगी आपल्याकडेच शिकते, सायन्सला."

"अहो, मग जाऊन सांगा की! दोन मिनिटांवर दुकान, आणि कार्ड कसलं टाकता?"

"तोंडानं नाही जमायचं, बाई."

त्यांनी कार्ड हलकेच जागेवर ठेवलं. "तुम्हाला एक सांगू? भाषणं ठेवू नका यंदा. तुमच्या त्या जुन्या वर्गात सगळ्यांना बसवा आणि हजेरी घ्या. तेवढं तरी जमतं ना?"

ते जमत होतं.

रविवारी सकाळी मी लवकर गेलो. दिवाळीची सुट्टी चालू होती, आवार सुनं होतं. फडतरे बाई घरून चिवडा आणि करंज्यांचे डबे घेऊन आल्या होत्या. "कुणी नाही आलं तर आपण दोघं खाऊ," असं त्यांनी मला धीर देण्यासाठी म्हटलं. मला धीर आला नाही.

पहिली आली ती एक मुलगी, मागून तिची आई, आणि त्यांच्या बऱ्याच मागं, चपला घासत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला एक दणकट माणूस. मुलीच्या हातात माझं पोस्टकार्ड होतं. त्याला प्लॅस्टिकचं कव्हर करून घेतलेलं होतं.

"सर, मी रूपाली मोहिते. एफ. वाय. बी. एस्सी.," मुलगी म्हणाली. "हे माझे बाबा."

"नमस्कार सर," तो माणूस माझ्या बुटांकडं बघत म्हणाला.

मी चेहरे लक्षात ठेवण्यात फार कच्चा. वर्गातसुद्धा मी मुलांच्या डोक्यांवरून भिंतीकडं बघून शिकवायचो. इतक्या वर्षांनी ओळख पटली नाही याचं मला नवल वाटलं नाही. उलट लाजच वाटली. "या, या, मोहिते," मी म्हणालो.

त्यांच्या पत्नीनं मात्र कसलाच संकोच ठेवला नाही. "सर, आमच्या घरात ह्यांनी कधी कॉलेजचं नाव काढलं न्हाई बघा. बी. ए. नापास म्हणून सासऱ्यांनी जल्मभर उद्धार केला. पोरगीबी म्हणायची, 'बाबा, तुम्ही कॉलेजात नुसत्या उनाडक्या केल्या.' आणि कार्ड आलं, ते ह्यांच्या आधी माझ्या हातात पडलं. आख्ख्या आळीला वाचून दाखवलं मी! आज सकाळपतूर टीव्हीवर लावून ठेवलं हुतं. येणारा जाणारा वाचत हुता."

"मालन, पुरं," मोहिते म्हणाले.

"पुरं काय? चांगलं केलं तेबी सांगायचं न्हाई व्हय?"

"सर," रूपाली म्हणाली, "बाबांना विचारलं की ते सांगतच नाहीत. म्हणून तुमच्या तोंडून ऐकायला आलेय. सांगाल ना, सगळ्यांसमोर?"

मोहित्यांना घाम फुटला होता. मला वाटलं, आपल्यासारखाच बुजरा माणूस दिसतो. त्यांच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. ते माझ्या कोपराला धरून म्हणाले, "सर, जरा बाजूला येता का? एक बोलायचं हुतं."

पण तेवढ्यात फाटकातून एक जीप आत आली, तिच्या मागून दोन मोटारसायकली, आणि पायऱ्यांवर एकदम कल्ला झाला. कुणी पाया पडत होतं. कुणी म्हणत होतं, "सर, तो ठेचा माझ्या डब्यात न्हवता, शेळक्याच्या डब्यात हुता, पण तुम्ही बोलावलं म्हणून आलो!" आणि तो शेळके, आता खरेदी-विक्री संघाचा संचालक, पोट धरून हसत होता. माझ्या इतर आठवणीही अशाच इकडच्या तिकडे गेल्या होत्या असं हळूहळू कळत गेलं. एकाचं कार्ड दुसऱ्यानं वाचावं, 'अरे, हा तर मी!' म्हणून ओरडावं, आणि दोघांनी गळ्यात पडावं असं चाललं होतं. आपल्या स्मरणशक्तीचे असे वाभाडे निघताना मी पहिल्यांदाच आनंदानं बघत होतो. मोहित्यांचं बोलणं राहूनच गेलं.

फडतरे बाईंनी सगळ्यांना वर्गात हाकललं आणि त्या चहाचं बघायला गेल्या. टक्कल पडलेली, चष्मे लागलेली, पोटं सुटलेली माणसं त्या अरुंद बाकांत कशीबशी शिरली. मालनबाई आणि रूपाली दारापाशी खुर्च्या टाकून बसल्या. मोहिते शेवटच्या बाकावर भिंतीकडेला गेले. मी टेबलामागं उभा राहिलो, चष्मा पुसला आणि हजेरी सुरू केली.

"कांबळे."

"हजर, सर!"

"खुस्पे."

"सर, खुस्पे दुबईला असतो. पण त्यानं फोन करून सांगितलंय, माझी हजेरी लाव म्हणून."

"प्रॉक्सी चालणार नाही," मी म्हणालो. सगळे हसले. माझ्या बोलण्यावर वर्ग हसण्याची मला सवय नव्हती. क्षणभर मी पुढचं नावच विसरलो.

"मोहिते दि. बा."

"हजर, सर."

"हजर."

दोन आवाज आले. शेवटच्याच बाकावर, पांढऱ्या शर्टवाल्या मोहित्यांच्या शेजारी, सडपातळ बांध्याचा, केस पिकलेला एक गृहस्थ उठून उभा राहिला होता. वर्गात हशा पिकला.

"कुठला मोहिते, सर?" शेळके ओरडला. "बोरगावचा का वाघेरीचा?"

आणि मला आठवलं. त्या वर्गात दि. बा. मोहिते दोन होते. एक दिनकर बाबूराव, बोरगावचा. एक दिनकर बाजीराव, वाघेरीचा. वर्षभर हजेरीला रोज हाच गोंधळ व्हायचा, मी रोज हाच प्रश्न विचारायचो, आणि ते मी साफ विसरून गेलो होतो. ऑफिसनं मला एक पत्ता दिला आणि मी त्यावर कार्ड लिहून मोकळा झालो.

पण आवाज मी विसरलो नव्हतो. 'हजर, सर' हा सडपातळ माणसाचा आवाज होता. 'मागं ऐकू येतंय' म्हणणारा तोच. आणि दुसरा, तो दणकट बोरगावकर? बाकं बडवायला सुरुवात करणारा, सगळ्या वर्गाला ताल धरायला लावणारा दिनू मोहिते. त्याचे ते पंजे बघितले आणि शंका उरली नाही.

"सर," दारापाशी रूपाली उठून उभी राहिली. "आता सांगा ना. पहिल्या तासाचं."

हसणं थांबलं. वर्गातल्या सगळ्यांच्या माना आधी त्या पोरीच्या हातातल्या कार्डाकडं वळल्या आणि मग शेवटच्या बाकाकडं. ते सगळे त्या तासाला हजर होते. कुणी काय केलं होतं हे एकूण एकाला ठाऊक होतं.

"कसलं गं पोरी?" शेळके म्हणाला. "तुझा बाप तर त्या दिवशी..." आणि त्याला मालनबाईंचा चेहरा दिसला असावा. तो तसाच तोंड उघडं ठेवून थांबला.

दिनूनं दोन्ही हात बाकाखाली घेतले होते. मान खाली. त्याला मघाशी पायऱ्यांवर काय बोलायचं होतं ते मला आता कळलं. पोरगी माझ्याकडं बघत होती. माझ्या तोंडून एक चुकीचा शब्द गेला असता तर त्या कार्डाची आणि त्याबरोबर तिच्या बापाची काय किंमत उरली असती, हे कळायला तर्कशास्त्र लागत नव्हतं. पण खरं बोललो नाही तर शेजारी बसलेल्या त्या माणसाचं मी देणं लागत होतो त्याचं काय? सबंध नोकरी मी त्याच्या एका वाक्यावर केली होती. माझी जीभ टाळ्याला चिकटली. अगदी पहिल्या तासाला चिकटली होती तशी.

तेव्हा वाघेरीचा मोहिते पुन्हा उभा राहिला.

"सांगा की, सर," तो म्हणाला. "मी ह्याच्या शेजारीच होतो त्या दिवशी. मलाही परत ऐकायचंय."

त्यानं माझ्याकडं इतकं सरळ बघितलं, की मी नजर चुकवू शकलो नाही. मग मी सांगितलं. मी कसा थरथरत होतो, बाकं कशी दणाणत होती, आणि शेवटच्या बाकावरून मोहिते कसा उठला आणि काय म्हणाला. 'मोहिते' म्हणताना मी कुणाकडंच बघितलं नाही. पण एवढं मी आयुष्यात कधी चांगलं बोललो नसेन. बोलून झाल्यावर मलाच त्याचं आश्चर्य वाटलं.

"बरोबर," शेळके घसा खाकरून म्हणाला. "अगदी अस्संच झालं हुतं." आणि त्यानं बाक बडवलं. मग कांबळेनं. मग सगळ्यांनीच. त्या दणदणाटात दिनू ताडकन उठला. "सर, ते तसं न्हाई..." एवढंच मला ऐकू आलं. वाघेरीच्या मोहित्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला खाली बसवलं.

दारात मालनबाई पदरानं डोळे टिपत होत्या आणि नुकत्याच परत आलेल्या फडतरे बाई त्यांना करंजी खायला घालत होत्या.

चहाच्या वेळी मी वाघेरीच्या मोहित्याला व्हरांड्याच्या टोकाला गाठलं. तो पाटबंधारे खात्यात होता, सोलापूरकडं.

"मोहिते, ते कार्ड तुमचं होतं," मी म्हणालो. "माझी चूक झाली. पण तुम्ही आलात कसे? तुम्हाला तर बोलावणंच गेलं नाही."

"दिनूनं बोलावलं मला. दिवाळीला गावी आलो होतो. कार्ड घेऊन हा माझ्या दारात. कॉलेज सुटल्यापासून आमची भेट नाही, सर. आणि आल्या आल्या म्हणतो, 'दिनकर, तुझं पत्र माझ्याकडं आलंय. पण बायकोनं गावभर वाचलंय, आता काय करू सांग.' परत द्यायलाच आला होता. मीच म्हटलं, ठेव तुझ्याकडं."

"का पण?"

"कारण पत्ता चुकलेला नाही, सर."

मला वाटलं, तो थट्टा करतोय. तो करत नव्हता.

"मी बोललो, ते खरं. पण मी तेव्हा पाप्याचं पितर. मला वर्गात कोण विचारत होतं? मी बोललो तशी पोरं आणखी चेकाळली, माझ्याच नावानं ओरडायला लागली. मग ह्या दिनूनं माझ्याकडं बघितलं, आणि काय वाटलं त्याला कुणास ठाऊक, बाकावरचे हात काढून घेतले. समोरच्या दोघांच्या पाठीत एकेक गुद्दा घातला. 'ए, ऐका रे. त्याला ऐकायचंय.' तेव्हा वर्ग गप्प झाला. माझ्या बोलण्यानं नाही झाला."

"हे तुम्ही त्याच्यासाठी म्हणत नाही ना? त्याला बरं वाटावं म्हणून?"

तो हसला. "तुम्हाला कसं दिसणार, सर? तुम्ही फळ्याकडं तोंड करून उभे होता."

होतो. बाकं दणाणायला लागली तसा मी फळ्याकडं वळलो होतो आणि तो आवाज फक्त ऐकला होता, हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. कार्डातही लिहिलं नव्हतं, आणि मघाशी वर्गातही बोललो नव्हतो.

"दिनूला हे माहीत आहे?"

"सांगितलं त्याला. पण त्याला बाकं बडवलेलीच आठवतात. थांबलेलं आठवत नाही."

तेवढ्यात दिनूच आला. आता त्याचा आवाज चांगलाच मोठा झाला होता. "सर, पुढच्या वर्षीची कार्डं पोस्टात टाकायची न्हाईत. माझ्याकडं द्यायची. माझी गाडी पंचक्रोशीत फिरत असती मोटारी पोचवायला. येकेकाच्या हातात देतो आणि यायचं वचन घेऊनच उठतो. न्हाई म्हणला तर त्याची मोटार जळू द्या, मी न्हाई भरून देणार!"

"आणि पत्ते चुकले तर?" मी विचारलं.

"चुकू द्या की! चुकले म्हणून तर आज गाठी पडल्या."

प्राचार्य घाटगे दुपारी डोकावून गेले. बाकांत अडकलेला तो सगळा जमाव बघून त्यांनी संघ गुंडाळायचा विषय पुन्हा काढला नाही. निघताना फोटो काढायचं ठरलं. फोटोत मी नेहमी कडेला उभा राहतो, अर्धा चौकटीबाहेर. दोघा मोहित्यांनी मला दोन बाजूंनी धरलं आणि मधे उभं केलं.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. त्या वर्षीच्या कॉलेजच्या अंकात तो फोटो छापायचा होता. फोटोखालची नावं मी लिहून दिली होती. अंकाचं काम फडतरे बाईंकडं होतं. छपाईला जायच्या आदल्या दिवशी त्या लाल पेन घेऊन स्टाफरूममध्ये आल्या.

"खांबेटे सर, तुमचं लक्ष कुठं होतं? इथं बघा. दि. बा. मोहिते, प्रा. खांबेटे, दि. बा. मोहिते. एकच नाव दोनदा पडलंय. कुठलं काढू?"

"एकही काढायचं नाही," मी म्हणालो.

माझा आवाज बराच चढला असावा. कारण स्टाफरूममधले सगळे माना वर करून माझ्याकडं बघू लागले, आणि फडतरे बाईंनी पेनाला टोपण लावलं.